छाती कमी करायची आहे: नुसतं लायपोसक्शन, की टाक्यांची शस्त्रक्रिया?

मानदुखी, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या खाचा, ‘आधी वजन कमी कर’ म्हणणारे नातेवाईक, हे सगळं तुमचं झालं असेल असं धरून चालते. अडतं ते पुढे. नुसती चरबी ओढून घ्यायची, म्हणजे लायपोसक्शन, की कापून, जास्तीची त्वचा काढून टाके घालायचे?

लायपोसक्शन ऐकायला फार बरं वाटतं. छेद बारीक, व्रण नावापुरते, कामावर परतणंही लवकर. मूल व्हायचं असेल तर दुग्धग्रंथींना त्यात कमी हात लागतो, हा मुद्दा वजनदार आहे. पण त्यात निघते ती फक्त चरबी. तरुण वयात स्तनात ग्रंथींचा भाग बराच असतो आणि तो जागेवरच राहतो.

माझा निर्णय मात्र मानेने नाही, पुरळाने केला. मुंबईत राहणारीला वेगळं सांगायला नको. एप्रिल लागला की छातीखालच्या घडीत घाम साचतो, मग लाल चट्टे, खाज, कातडी सोलवटणं. मलम लावलं की जातं, घाम आला की परत येतं. आजेसासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या मऊ पट्ट्या करून मी घडीत ठेवायचे आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये बदलायचे. जुलैत तर दोरीवरची ब्रा दुसऱ्या दिवशीही दमटच. लेडीज डब्यात कडी धरायला हात वर केला की खाली चरचरायचं, आणि अशा जागी गर्दीत खाजवणार कसं?

म्हणून सर्जनना एकच विचारलं: घडी जाईल का? लायपोसक्शनने भार उतरेल, पण त्वचा किती आकसेल हे तिच्या ताणावर अवलंबून, ओघळलेली असेल तर घडी राहू शकते, असं उत्तर आलं. माझ्यापुरता तिथेच विषय संपला.

टाक्यांच्या शस्त्रक्रियेची किंमत आहेच. पूर्ण भूल, आणि बहुतेकदा जहाजाच्या नांगराच्या आकाराचा व्रण: स्तनाग्राभोवती, तिथून खाली, मग घडीत आडवा. तो फिका व्हायला वर्षभरही लागतं. कुणाला व्रण जाड होण्याची सवय असेल तर हे आधीच बोला. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची. पुढे दूधही कमी येऊ शकतं. सिगारेट ओढत असाल तर काही आठवडे आधीच बंद, नाहीतर जखम भरायला त्रास होतो. माझ्या व्रणाची एक बाजू अजून जाडसर आहे. पण पुरळ परत आलं नाही. तुमची त्वचा घट्ट असेल आणि घडीचा त्रासच नसेल, तर कदाचित तुम्ही उलटं ठरवाल, आणि तेही बरोबरच असेल.

खर्चाचं थोडक्यात. विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. पुरळ, मानदुखी यांचे जुने कागद आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून वैद्यकीय गरज दाखवता येते, पण मंजुरी मिळेलच असं नाही. थांबायची तयारी असेल तर केईएम, सायन, नायर या मुंबईतल्या पालिका रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत.

तारीख शक्यतो डिसेंबर-जानेवारीतली घ्या. नंतर काही आठवडे आधाराची घट्ट ब्रा दिवसरात्र घालावी लागते, आणि मे महिन्यात ती घालायची वेळ कुणावर न आलेली बरी.