आयर्लंडची रात्रीची डॉक्टर सेवा: ४ स्टार, एक का कापला ते वाचा

आयर्लंडला नवीन आलेल्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. इथला जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर संध्याकाळी सहाच्या आसपास दवाखाना बंद करतो आणि शनिवार-रविवारी तर विचारूच नका. त्यानंतर त्या भागातल्या डॉक्टरांची मिळून एक को-ऑप म्हणजे सहकारी संस्था असते, केअरडॉक, साउथडॉक, वेस्टडॉक वगैरे, काउंटीप्रमाणे (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) नाव आणि नंबर बदलतो. १९९९ साली कार्लोमध्ये केअरडॉकने हे सुरू केलं. आमची कुठली ते लिहीत नाही कारण खाली कुरकुर पण केलीय.

पहिली गोष्ट, उठून थेट जायचं नाही, आधी फोन. नाव, जन्मतारीख, पत्ता, एअरकोड म्हणजे इथला पिनकोड सांगायचा (एअरकोड पाठच करा, घाबरल्यावर आठवत नाही), मग नर्सचा फोन येतो आणि ती ठरवते की घरीच बघायचं, सेंटरला बोलवायचं की डॉक्टरला घरी पाठवायचं. आपल्याला वाटतं हा काय टाइमपास, डॉक्टर द्या ना. पण मला विचाराल तर या सगळ्यात भारी ती नर्सच आहे. लेकाला मध्यरात्री तो कुत्रा भुंकल्यासारखा खोकला सुरू झाला, माझे हातपाय गळालेले, आणि ती बाई एकदम शांतपणे म्हणाली फोन त्याच्या तोंडाजवळ धर, मला ऐकू दे. मग म्हणाली शर्ट वर कर आणि श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का बघ. रडवू नकोस, मांडीवर सरळ बसव. लगेच सेंटरची वेळ दिली, तिथे डॉक्टरांनी क्रूप (लहान मुलांच्या घशाला आतून येणारी सूज) सांगून स्टिरॉइडचा एक डोस तोंडाने दिला आणि पहाटेपर्यंत पोरगं गाढ झोपलं. सेंटर म्हणजे फार काही नाही हं, कुलूपबंद दार, इंटरकॉमवर नाव सांगायचं, आत दोन-चार खुर्च्या. पण दुसऱ्या दिवशी आमच्या जीपीकडे रिपोर्ट पोचलेला होता, हे मला फार आवडलं.

पैसे: आठ वर्षांच्या आतल्या मुलांना जीपी व्हिजिट कार्डावर हे फुकट आहे (२०२३ पासून सहा आणि सात वर्षांची पण धरली), पण कार्ड आपण अर्ज करून काढायचं असतं, ते आपोआप येत नाही, आल्याआल्या करून टाका. मोठ्यांकडे कार्ड नसेल तर खिशातून द्यायचे, आणि स्वस्त नाही. तरी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला स्वतःहून गेलं तर १०० युरो लागतात, आणि जीपीचं पत्र घेऊन गेलं तर लागत नाहीत, या रात्रीच्या सेवेतल्या डॉक्टरने पाठवलं तरी तेच. हा हिशोब लक्षात ठेवा.

आता एक स्टार का कापला. बँक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) वीकेंडला नवऱ्याचा कान ठणकत होता, संध्याकाळी फोन केला तर कॉल बॅक आला उजाडायच्या बेताला, मध्ये काही निरोप नाही, पुन्हा लावला तर "यू आर इन द क्यू". अहो पण किती मागे ते तरी सांगा! डॉक्टर कमी आणि फोन जास्त हे कळतं, पण निदान अंदाजे वेळ सांगायला काय जातं. शिवाय त्या वेळी औषधाचं दुकान उघडं नाही, म्हणजे प्रिस्क्रिप्शन फार्मसीला ऑनलाइन गेलं तरी गोळी सकाळीच.

बाकी आपल्या लोकांची जी नेहमीची रड असते की "अँटिबायोटिक दिलंच नाही, पॅरासिटामॉल देऊन पाठवलं", त्याचे मी मार्क कापत नाही. व्हायरलला कशाला देतील? आणि रोजच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, ऑफिसला सिक सर्टिफिकेट पाहिजे, असल्या कामांना रात्री फोन करू नका, त्यासाठी सकाळी आपल्या जीपीकडे जा, तुमची फाइल तिकडेच असते.

छातीत दुखतंय, श्वास घेता येत नाही, बाळ उठतच नाहीये, किंवा अंगावरच्या पुरळावर काचेचा ग्लास दाबला तरी डाग फिके होत नाहीत, तर या नंबरवर वेळ घालवू नका, थेट ११२ किंवा ९९९ लावा.