दुसरा पंप घ्यायच्या आधी एक लिटर पाणी मोजा

लग्नसराईत माझं एडिटिंगचं मशीन रात्र रात्र रेंडर करत असतं, म्हणून हौसेने कस्टम वॉटर कूलिंग, म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवायची सोय, बसवून घेतलं होतं. बसवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, त्याची पद्धत कळली तरी पुरे.

सात-आठ महिन्यांत प्रोसेसर ९० अंशांच्या वर जायला लागला. रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे पाण्याच्या छोट्या टाकीत, पाणी नुसतं रेंगाळायचं. बसवणारा गडी आला, नळीला बोट लावलं आणि म्हणाला, "सर, पंपात दम नाही. अजून एक जोडू, ताशी तीन हजार लिटर फ्लो मिळेल." डी-५ जातीचा 'ओरिजिनल' पंप साडेबारा हजारांना, वर 'नॅनो' कूलंट अठराशेला. बिल मागितलं तर म्हणे, "जीएसटी कशाला भरताय?" पैसे वाचतायत म्हणून मीही गप्प बसलो, ही माझी चूक.

आता ती तीन हजारांची थाप बघा. डी-५च्या माहितीपत्रकात ताशी १५०० लिटर असतात, पण ते पुढे काहीही जोडलेलं नसताना. आणि दोन पंप एकामागे एक जोडले तर दाब वाढतो, आकडे दुप्पट होत नाहीत. मुळात एवढं पाणी लागतंच कुणाला? ३०० वॅटची उष्णता ताशी २०० लिटर पाण्याने वाहून नेली तर पाणी जेमतेम सव्वा अंशाने तापतं. त्यापुढे फ्लो वाढवून हाती फारसं काही लागत नाही.

दुसरा पंप बसला, पंधरा दिवसांत पुन्हा ९०. मग मीच बसलो. मदरबोर्डची पॉवर काढली, एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) पेपरक्लिप लावून तो मदरबोर्डशिवाय सुरू केला आणि फक्त पंप चालू केले, परतीची नळी मापाच्या जगमध्ये सोडली. वरून रिझर्व्हॉयरमध्ये डिस्टिल्ड पाणी ओतत राहिलो, कारण पंप कोरडा फिरला की संपला. एक लिटर भरायला ५८ सेकंद लागले. म्हणजे ताशी ६२ लिटर, तेही दोन पंपांवर!

प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ब्लॉक उघडला. तांब्याच्या केसासारख्या बारीक खाचांत पांढुरकं, भिजून मऊ झालेल्या साबणासारखं काहीतरी गच्च बसलेलं. हे आलं कुठून? पाण्याची उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर सोडवून पोर्टच्या आट्यांवर चाकूचं टोक फिरवलं. पितळ असतं तर पिवळं दिसलं असतं, निघालं चांदीसारखं पांढरं. 'फुल कॉपर' म्हणून विकलेला रेडिएटर अॅल्युमिनियमचा होता. एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम आले की अॅल्युमिनियम झिजतं, आणि तो गाळ आधी ब्लॉकमध्ये अडकतो. विकताना त्याने माझ्यासमोर चुंबक लावून दाखवलं होतं, "बघा सर, चिकटत नाही, तांबंच आहे." अहो, अॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही! हातात तोलून पाहिला असता तरी शंका आली असती, तांबं तिपटीहून जड असतं.

'ओरिजिनल' पंपाचा वेग काही केल्या बदलत नव्हता. वायरवरची स्लीव्ह कापली, तर पीडब्ल्यूएमची, म्हणजे वेग ठरवणारी, वायर आत तोडून गोंदाने चिकटवलेली.

मऊ टूथब्रशने ब्लॉक घासला, उलटीकडून पाणी सोडून धुतला, लावताना 'इन'ची बाजू दोनदा तपासली. खरा तांब्याचा रेडिएटर घेतला, रंगीत नॅनो मोरीत ओतलं. जुन्या एकट्या पंपावर एक लिटर १७ सेकंदांत भरलं, म्हणजे ताशी २१० च्या आसपास. परवाच्या रात्रभराच्या रेंडरला प्रोसेसर ७१ वर होता.

त्याला फोन केला तर म्हणाला, "सर, तुमच्याकडचं पाणीच खराब." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नाही, पण यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत, आणि त्याचा स्वतःचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे: "फुल कॉपर सर, चुंबक लावून बघा." तोही जोडलाय.