कीज रँच, जोशुआ ट्री: सूर्यास्त सोडा, ही फेरी सोडू नका

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये जाणारी बहुतेक मंडळी हिडन व्हॅलीतल्या खडकांवर चढतात, चोला कॅक्टसच्या बागेत फोटो काढतात, कीज व्ह्यूवरून सूर्यास्त बघतात आणि परत फिरतात. कीज व्ह्यूला ज्याचं नाव आहे त्या बिल कीजची रँच मात्र कुलूपबंद फाटकाच्या आत आहे. रेंजर, म्हणजे पार्कचा कर्मचारी, गटाला घेऊन जातो त्या फेरीखेरीज तिथे पाऊल टाकता येत नाही. फेरी दीड तासाची, चालणं जेमतेम अर्धा मैल. हाताशी एकच दिवस असेल तर त्यातला दीड तास इथेच घालवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फक्त काय बघायला जातोय ते आधी समजून घ्या. घोडे, तबेले, सिनेमातले काउबॉय यातलं तिथे काही नाही. राहतं घर, शाळेची खोली, दुकान, कामाची शेड, नव्याने लावलेली फळझाडं आणि या सगळ्याभोवती पसरलेलं गंजकं सामान: जुन्या मोटारी, ट्रक, खाणीची यंत्रं, सुटे भाग. वरवर बघणाऱ्याला ही अडगळ वाटते. मुलं कंटाळतील की रमतील, हे त्या अडगळीकडे तुम्ही कसं बघता त्यावर ठरतं.

बिल कीज १९१० मध्ये या भागात आला आणि डेझर्ट क्वीन या सोन्याच्या खाणीवर राखणदार म्हणून लागला. मालक वारला तेव्हा पगार थकलेला होता, त्या थकबाकीपोटी ही रँचची जागा त्याच्याकडे आली. १९१७ मध्ये त्याने होमस्टेड कायद्याखाली (सरकारी जमिनीवर राहून, ती कसून मालकीची करून घेण्याचा कायदा) १६० एकरांसाठी अर्ज केला, १९१८ मध्ये फ्रान्सिस लॉटनशी लग्न केलं. सात मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. फ्रान्सिस १९६३ मध्ये वारली, बिल १९६९ मध्ये. म्हणजे हे दोघं इथे राहत असतानाच, १९३६ मध्ये, भोवतीचा मुलूख नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारी संरक्षित क्षेत्र, झाला होता. नॅशनल पार्कचा दर्जा १९९४ मध्ये मिळाला.

१६० एकर ऐकायला भरपूर वाटतात. पण वर्षाला सरासरी १०० ते १२५ मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जमिनीवर तेवढ्यात गुरं जगत नाहीत. चरायला मोकळं रान लागतं, आणि रान कितीही मोठं असलं तरी जनावर पाण्यापाशीच परत येतं. म्हणून इथे जमिनीपेक्षा पाणवठा कोणाच्या ताब्यात आहे याला महत्त्व होतं. फेरीत बघायची पहिली गोष्ट म्हणजे ही पाण्याची व्यवस्था.

ती समजून घ्यायची तर आधी खडक बघा. हा ग्रॅनाइटच्या जातीचा मॉन्झोग्रॅनाइट, १० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजलेला. भेगांमधून पाणी झिरपून कोपरे झिजले, वरची माती वाहून गेली आणि गोल धोंड्यांच्या राशी उघड्या पडल्या. उघडा खडक पाणी पीत नाही, त्यामुळे थोडा पाऊस पडला तरी तो सरळ घळीत उतरतो. दोन खडकांमधली अरुंद फट शोधायची, दगड आणि सिमेंटची भिंत घालून ती बंद करायची, की मागे तळं साठतं. कीजने हेच केलं. यात दोन अडचणी येतात. एक, पाऊस झोडपून येतो आणि झिजलेल्या खडकाची जाडी वाळू सोबत आणतो, त्यामुळे तळ्याचा तळ वर सरकत जातो. दोन, उन्हाळ्यात उघडं पाणी वाफ होऊन जातं. म्हणून नुसत्या बंधाऱ्यावर विसंबून भागत नाही. विहीर आणि तिच्यावर पवनचक्की हा दुसरा आधार इथे होताच. फळबाग आणि भाजीचा मळा या दोन्हींच्या भरवशावर पिकत असे.

फेरीनंतर लगेच जवळच्या बार्कर डॅमला जा. १.१ मैलांची सोपी पायवाट आहे आणि तिथे हीच व्यवस्था फाटकाबाहेर, तुमच्या वेगाने बघता येते. मूळ बंधारा १९०० च्या सुमारास बार्कर आणि शे या गुरं पाळणाऱ्यांनी घातला, कीजने नंतर त्याची उंची वाढवली. वरच्या सिमेंटमध्ये 'बिग हॉर्न डॅम' हे नाव, घरातल्या तिघांची नावं आणि १९४९-५० ही साल कोरलेली आहे. भिंतीकडे नीट बघितलं तर खालचा दगडी भाग आणि वरची भर वेगवेगळी ओळखू येते. पाणी असेलच असं मात्र नाही. कोरड्या वर्षात नुसता चिखल किंवा भेगाळलेली जमीन दिसते. पाणी असलं तर बिगहॉर्न या रानमेंढ्या त्यावर येतात. त्या दिसल्या तर जागीच थांबा, पाण्याच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊ नका.

आता अडगळ. आसपासचे होमस्टेडवाले पाण्याअभावी जागा सोडून जात, खाणी बंद पडत, आणि मागे राहिलेलं सामान कीज उचलून आणी. लोखंडी काहीही आणायला वाळवंटातून दूरचा प्रवास करावा लागे, म्हणून मोडका ट्रकही सुट्या भागांची कोठी ठरे. कोरड्या हवेत लोखंड गंजतं ते सावकाश, म्हणूनच हे सगळं आज बघायला मिळतं. या गर्दीत एक वस्तू मुद्दाम शोधा, नाही दिसली तर रेंजरला विचारा: आरास्त्रा. आपल्याकडच्या जुन्या चुन्याच्या घाणीचा हा भाऊबंद. जमिनीत गोल दगडी फरसबंदी, मधे खांब, खांबाला आडवी दांडी. फरक इतकाच की चाकाऐवजी साखळीने बांधलेले जड दगड जनावर फरफटत फिरवी आणि त्याखाली सोन्याचं खनिज भरडलं जाई. स्टॅम्प मिल म्हणजे त्यापुढची पायरी. तिच्यात वजनदार लोखंडी मुसळं वरून आपटतात, चुरा पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून वाहतो, सोनं पाऱ्याला चिकटतं, मग तापवून पारा उडवायचा. कीजची दोन मुसळांची वॉल स्ट्रीट मिल बार्कर डॅमच्या बाजूने चालत जाऊन बघता येते. जुन्या मिलच्या आवारात कशाला हात लावू नये हे वेगळं सांगायला नको. पारा तिथे वापरात होता.

मिलकडे जाणाऱ्या त्याच पायवाटेवर एका गोळीबाराची प्रसिद्ध खूण लागते. रस्त्याच्या वादातून ११ मे १९४३ रोजी कीजच्या गोळीने वर्थ बॅग्ली हा शेजारी मेला. कीजला सदोष मनुष्यवधाची शिक्षा होऊन सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात धाडलं गेलं, पाच वर्षांनी तो पॅरोलवर सुटला आणि पेरी मेसनच्या रहस्यकथांचे लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांच्या खटपटीने १९५६ मध्ये त्याला पूर्ण माफी मिळाली. लोकांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त ऐकायची असते. पण भांडण कशावरून पेटलं ते बंधारे आणि वाटा बघितल्याशिवाय कळत नाही.

फेरी कमी पडते ती दोन ठिकाणी. कीज यायच्या कितीतरी आधी सेरानो, काहुइया, चेमेह्युवी आणि मोहावी लोक या खडकांमधून फिरत होते, पिन्यॉन पाइनच्या बिया आणि ओकची फळं गोळा करत होते. खडकातली गुळगुळीत उखळं त्यांची. दीड तासात मुख्य गोष्ट एका कुटुंबाची असल्याने हा भाग उरकला जातो. दुसरं म्हणजे झाडं. पार्कला ज्याचं नाव आहे त्या जोशुआ ट्री या युकाच्या जातीच्या झाडाच्या खोडात वर्षाची वलयं नसतात, त्यामुळे उंचीवरूनच वयाचा अंदाज बांधायचा, आणि वाढ वर्षाला बहुधा इंच-दोन इंचच. त्याचं परागीकरण युका पतंगाची मादी करते. ती फुलातच अंडी घालते आणि अळ्या काही बिया खातात. पतंग नाही तर बी नाही. आता काळजी वणव्याची आहे. बाहेरून आलेली रेड ब्रोमसारखी गवतं झाडांमधली उघडी जमीन भरून टाकतात आणि आग एका झाडाकडून दुसऱ्याकडे पोचते. २०२० च्या डोम फायरमध्ये शेजारच्या मोहावी प्रिझर्व्हमधली १० लाखांहून अधिक जोशुआ झाडं गेली. रँचवर उभं राहून हे कोणी सांगेलच असं नाही, म्हणून वाचून जा.

फेऱ्या साधारण ऑक्टोबर ते मे या काळातच असतात. संख्या मर्यादित असते, त्यामुळे रिक्रिएशन डॉट गव्हवर आधी आरक्षण करा. पार्कचा वार्षिक पास असला तरी फेरीचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं. भेटायचं ठिकाण हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडच्या पुढे सुमारे दोन मैलांवर, रँचच्या फाटकाशी. लॉस एंजलिसपासून अंतर साधारण १३० मैल, पण शनिवार-रविवारी पश्चिम प्रवेशद्वारावर गाड्यांची रांग लागते आणि ती तुमच्या वेळापत्रकात धरलेली नसते. फाटक उघडून गट आत गेला की मागून आलेल्यांची सोय होत नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी सकाळची फेरी घेणार असाल तर आदल्या रात्री जोशुआ ट्री किंवा ट्वेंटीनाइन पाम्स गावात मुक्काम बरा.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जायला हरकत नाही. चढ नाही, पण जमीन खडबडीत आणि वाळूची आहे. चपला नकोत, बंद बूट हवेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर चालण्यापेक्षा सलग उभं राहणंच जड जातं. पाणी माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर, गाडीत ठेवा, कारण पार्कच्या मधल्या भागात ते मिळत नाही. खाणं आणि पेट्रोलही बाहेरच्या गावातच. मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा. रस्त्यावर कासव दिसलं तर उचलू नका. घाबरलं की ते शरीरात साठवलेलं पाणी टाकून देतं आणि मग उन्हाळा काढणं त्याला अवघड होतं. गाडीखाली सावलीला बसलेलं असू शकतं, म्हणून निघताना एकदा वाकून बघा.