तेवढे एक अपडेट काढावे, की सिस्टिम रिस्टोर करावे?

विंडोजचे मासिक अपडेट बसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एखादे काम अडले, तर मागे फिरायला साधारण दोन वाटा असतात. सेटिंग्जमध्ये जाऊन तेवढे एक अपडेट काढून टाकता येते, किंवा सिस्टिम रिस्टोरने अख्खा संगणक आधीच्या तारखेच्या स्थितीत नेता येतो. सांगलीत करसल्लागाराचे काम करताना या दोन्ही वाटांनी मी जाऊन आलो आहे. कोणते बटण कोठे आहे, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

आमच्या धंद्याची खरी अडचण तारखांची आहे. ही अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान निघतात, आणि तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, मुदत ११ तारखेची. त्यामुळे संगणक बिघडतो तो नेमका सवड नसलेल्या दिवशी, आणि हाताला लागेल तो उपाय आपण करून बसतो.

माझे तसेच झाले. त्या महिन्यात मंगळवार ९ तारखेला आला होता आणि बुधवारी सकाळी कार्यालयातल्या दोन्ही संगणकांना जोडलेला प्रिंटर मुका झाला. कागद रांगेत दिसत, पण बाहेर काही येत नसे. दोष अपडेटचा की प्रिंटरच्या जुन्या ड्रायव्हरचा (प्रिंटर संगणकाशी जुळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा), हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर अनेक ठिकाणी अडले होते, हे आठवत असल्याने संशय तिकडेच गेला. एकेक गोष्ट तपासत बसण्यापेक्षा सगळेच मागे न्यावे, असा विचार करून मी सिस्टिम रिस्टोर सुरू केले. यादीत एकच रिस्टोर पॉइंट, म्हणजे मागे जाण्यासाठी जपून ठेवलेली स्थिती, होता, तोही अठरा दिवसांपूर्वीचा. तासाभराने संगणक उठला, प्रिंटर चालू झाला आणि मी निर्धास्तपणे घरी गेलो.

गुरुवारी ११ तारखेला एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे विवरणपत्र भरायला बसलो. कंपनीला डिजिटल सहीवाचून गत्यंतर नसते. ती सही ज्यात असते ते यूएसबी टोकन लावले, त्याचा बारीक दिवा लागला, पण सही करणारे सॉफ्टवेअर टोकन सापडत नाही असेच सांगत राहिले. मी ते काढून दुसऱ्या पोर्टला लावले, मग तिसऱ्या. बऱ्याच वेळाने डोक्यात प्रकाश पडला, की या टोकनचा ड्रायव्हर मागच्याच आठवड्यात बसवला होता आणि रिस्टोरने तो अपडेटबरोबर पुसून टाकला होता. विक्रेत्याकडून ती फाइल पुन्हा मिळेपर्यंत दुपारचे चार वाजले.

सिस्टिम रिस्टोर आपल्या कागदपत्रांना हात लावत नाही हे खरेच आहे, आणि त्या एका वाक्यावर विसंबून माणूस गाफील राहतो. मधल्या काळात बसवलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर मात्र ते घेऊन जाते. काय काय जाणार हे आधी दाखवणारे ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ असे बटणही तेथेच असते. ते मी दाबले नाही, ही चूक माझीच. केलेले रिस्टोर उलटवताही येते (सेफ मोडमधून, म्हणजे मोजक्याच सोयींवर चालू केलेल्या विंडोजमधून, केले असेल तर तेही नाही), पण उलटवले असते तर प्रिंटर पुन्हा मुका झाला असता.

पुढे काही महिन्यांनी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून फोन आला, “सर, सौदं झाल्यात, पन बिलच निघंना झालंय.” हळदीचा हंगाम होता, कीबोर्डवरचे एंटरचे बटण पिवळेजर्द झाले होते. या वेळी अपडेट हिस्टरी उघडून सर्वांत अलीकडच्या तारखेचे, केबीपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे एकच अपडेट काढले आणि संगणक पुन्हा सुरू केला. चहा येऊन संपेपर्यंत पहिले बिल निघाले होते. हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि सहीचे टोकन जसेच्या तसे राहिले.

या वाटेतही खड्डे आहेत. काढलेले अपडेट थांबवून ठेवले नाही तर ते पुन्हा आपोआप येते, आणि फार तर पाच आठवडे थांबवता येते. त्यानंतर ते घ्यावेच लागते. शिवाय मासिक अपडेट एकगठ्ठा असल्याने नको असलेल्या भागाबरोबर त्या महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्याही निघून जातात, आणि त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतील तर ही बाब किरकोळ नाही. काही अपडेट्सना काढण्याची सोयच नसते. अडत दुकानात आम्ही त्या पाच आठवड्यांत प्रिंटरचा नवा ड्रायव्हर बसवला. नंतर तेच अपडेट परत आले तेव्हा बिले बिनतक्रार निघाली.

संगणक सुरूच होत नसेल, तरी रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावरून शेवटचे अपडेट काढता येते. तेथे बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी चावी मागितली जाऊ शकते, तेव्हा ती आधीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी. वर्षाकाठी येणाऱ्या मोठ्या आवृत्तीची गोष्ट निराळी. तिच्यासाठी आधीच्या आवृत्तीवर परत नेणारे ‘गो बॅक’ असते, पण ते साधारणपणे पहिले दहाच दिवस मिळते.

चार दिवसांत अपडेट, नवा ड्रायव्हर आणि दोन प्रोग्रॅम असे सगळेच बसले असेल आणि दोषी कोण ते कळत नसेल, तर सिस्टिम रिस्टोरला पर्याय नाही, हे मान्य करतो. अर्थात ती सोय आधीपासून चालू असली पाहिजे, आणि पुष्कळ संगणकांवर ती बंदच असते. एरवी माझा हात अपडेट हिस्टरीकडेच जातो. शिवाय आताशा मी दर महिन्याच्या ५ तारखेला अपडेट्स थांबवतो आणि २० तारखेची ३बी (जीएसटीचे दुसरे मासिक विवरणपत्र, जीएसटीआर-३बी) भरून झाली, की त्याच संध्याकाळी सोडतो.