‘लाइफटाइम फोटोशॉप’ आणि माझे 390 युरो

पुण्यात मी लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओत कामाला होते. माझं काम पानं लावण्यापुरतं. चेहऱ्यावरचे डाग काढणं, शालूचा रंग मूळ रंगावर आणणं हे सगळं ‘सरांचं’ खातं. लग्न होऊन श्टुटगार्टला आले तेव्हा वाटलं, आता वेळच वेळ आहे, नीट रिटचिंग शिकू आणि घरबसल्या कामं घेऊ. जर्मन भाषा बी वन या मधल्या पातळीवर लटकलेली. त्यामुळे शिकायचं ते इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि स्वस्तात, कारण नवऱ्याच्या पगारातून मोठी रक्कम मागायला जीभ रेटत नव्हती.

गेल्या नोव्हेंबरात, ब्लॅक फ्रायडेच्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, दर आठवड्याला मेंटॉर काम तपासणार, शेवटी ‘युरोपमान्य’ सर्टिफिकेट, वर फोटोशॉपचं लाइफटाइम लायसन्स फुकट. 1,190 युरोंचे आज फक्त 600. फॉर्म भरला आणि दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोन. बाई गोड हिंदीत बोलत होत्या. महिनोन्‌महिने दुकानात, डॉक्टरकडे, बसमध्ये तुटकं जर्मन बोलल्यावर कुणी ‘मॅडम, खाना हो गया?’ विचारलं की माणूस विरघळतो. मी विरघळले.

150 युरो नोंदणीचे लास्टश्रिफ्टने, म्हणजे समोरच्याने आपल्या खात्यातून ओढून घ्यायचे. उरलेले 450 आजच ट्रान्सफर केले तर 60 सूट. ही सूट कशासाठी होती हे मला नंतर कळलं. लास्टश्रिफ्टने गेलेले पैसे आठ आठवड्यांत कारण न देता बँकेकडून परत मागता येतात. आपण स्वतः केलेली ट्रान्सफर तशी परत येत नाही. 60 युरो त्यांनी मला त्या फरकाचे दिले होते.

बँकेने सावधही केलं होतं, हे लिहायला लाज वाटते. 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडताळून दाखवावं लागतं. माझ्या ॲपमध्ये सूचना आली: नाव जुळत नाही. त्यांच्या खात्याचा नंबर, म्हणजे आयबॅन, एल टी ने सुरू होणारा, म्हणजे लिथुआनियाचा. बाई फोनवरच होत्या. ‘मॅडम, इंटरनॅशनल अकाउंट है, वो तो आता ही है.’ मी ‘तरीही पाठवा’ दाबलं. 390 युरो, साधारण 40 हजार रुपये.

दुसऱ्या दिवशी अकरा व्हिडिओ आणि एक झिप फाइल आली. व्हिडिओंच्या उजव्या कोपऱ्यात धूसर चौकोन. एका व्हिडिओत मात्र शिकवणाऱ्याने सुरुवातीलाच आपल्या चॅनेलचं नाव घेतलेलं कापायचं राहिलं होतं. यूट्यूबवर ते नाव टाकलं, तर अकराच्या अकरा तिथे, फुकट. झिपमध्ये ‘लायसन्स’ होतं आणि सोबत सूचना: आधी अँटिव्हायरस बंद करा. तेवढ्यात नवरा ऑफिसातून आला. त्याने आधी वायफाय बंद केलं, मग विचारलं. लॅपटॉप पुसून नव्याने भरण्यात शनिवार-रविवार गेला, सगळे पासवर्ड बदलले. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

खरं तर ‘लाइफटाइम फोटोशॉप’ या दोन शब्दांतच चोरी उघडी होती. 2012 ची सीएस6 ही एकदाच पैसे भरून कायमची घेता येणारी शेवटची आवृत्ती. पुढचं फोटोशॉप महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यानेच मिळतं. आजच्या आवृत्तीचं आयुष्यभराचं लायसन्स कोणी विकत असेल तर ते क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, तरी आहे किंवा थाप.

दुसरी खूण कोर्सची. जर्मनीत पैसे घेऊन दुरून शिकवायचं आणि शिकणाऱ्याचं काम तपासायचं, तर कोलोनच्या झेडएफयू या सरकारी कचेरीची मंजुरी लागते. कायदा 1977 पासून लागू आहे. मंजुरी नसेल तर करारच रद्दबातल. जून 2025 मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑनलाइन मेंटॉरिंगच्या एका खटल्यात याच कायद्याने शिकणाऱ्याचे पैसे परत करायला लावले. मंजूर कोर्सेसची यादी कचेरीच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येते. माझ्या कोर्सचा तिथे पत्ता नव्हता. त्यांच्या साइटवर इम्प्रेसुमही नव्हतं, म्हणजे चालवणाऱ्याचं नाव-पत्त्याचं पान, जे इथे बंधनकारक आहे. फेरब्राउखरत्सेंट्राले या ग्राहक सल्ला केंद्रातल्या बाईंनी हे सगळं शांतपणे समजावलं. कायदा माझ्या बाजूने होता आणि पैसे लिथुआनियात. 150 युरो आठवड्याभरात परत आले, 390 गेले ते गेलेच.

स्वस्त शिक्षण होतं कुठे? घरापासून चार स्टेशनांवर. रोटेब्यूलप्लात्सला फोल्क्सहोखशूलं आहे, लोकांसाठीची शाळा. अशा शाळा इथे बहुतेक शहरांत असतात. 1919 च्या वायमार राज्यघटनेतही त्यांना उत्तेजन देण्याचं कलम होतं. त्यांची जाहिरात इन्स्टाग्रामवर माझ्या तरी समोर कधी आली नाही. बुडालेल्या पैशांच्या पाचव्या हिश्श्यात मी तिथे दोन दिवसांचा कोर्स केला, जर्मनमध्ये. भीती वाटत होती तेवढं कठीण गेलं नाही, कारण स्क्रीन समोर असतो. एबेनं म्हणजे लेयर, आउसवाल म्हणजे सिलेक्शन, एवढं कळलं की हात चालायला लागतात. शिकवलं ते गिंप या फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरवर, जे पूर्वीपासून मोफत आहे. मार्च 2025 च्या 3.0 आवृत्तीपासून त्यात फिल्टर लावूनही मूळ चित्र तसंच ठेवता येतं. अ‍ॅफिनिटी हे तसंच दुसरं सॉफ्टवेअरही ऑक्टोबर 2025 अखेरपासून फुकट आहे, म्हणजे मी पैसे भरले त्याच्या महिनाभर आधीपासून! फोटोशॉपच्या जुन्या पीएसडी फाइल उघडायच्या असतील तर ब्राउझरमध्ये फोटोपी चालतं.

पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली आहे. सोबत व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, आयबॅन आणि ती बँकेची सूचनाही जोडली, जरी ती जोडताना हात थांबत होता.

परवा गुढीपाडव्याला सकाळी नव्या नंबरवरून मेसेज आला. गुढीचं चित्र, खाली ‘मॅडम, नयी बॅच, आपके लिए 290’. तोही स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला.