वऱ्हाड की झाडीपट्टी? कमी पैशांत पोटभर जेवायचं तर

विदर्भातल्या खेड्यांत चार दिवस हिंडायचंय, पैसे बेताचे आहेत आणि जेवण तिथलंच हवंय, तर आधी एक ठरवा. पश्चिमेला वऱ्हाडात जायचं की पूर्वेला झाडीपट्टीत? एक ज्वारी-तुरीचा मुलूख, दुसरा धानाचा आणि तलावांचा. सावजी, म्हणजे नागपूरचं ते झणझणीत रश्श्याचं जेवण, नागपुरातच खाऊन घ्या, त्यासाठी खेडी पालथी घालायची गरज नाही.

पहिल्यांदाच येत असाल तर मी वऱ्हाडच सांगेन. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ओळीनं लागतात. पुढे एसटी, आणि २०२३ पासून महिलांना तिकीट निम्मं. शेगावला गजानन महाराज संस्थानात महाप्रसाद मोफत, भक्तनिवासही परवडणारा. बाहेर आलात की कचोरी आणि सोबत तळलेली हिरवी मिरची.

पण वऱ्हाडात जाऊन खावेत ते रोडगे. जाडसर कणकेच्या लहान पुऱ्या तेल लावून एकात एक मिटवतात, गोळा वळतात आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. राख झटकून रोडगा हातानं फोडला की आतले पदर सुटतात. त्यावर तूप, बाजूला वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. असं जेवल्यावर संध्याकाळपर्यंत कशाची आठवण होत नाही. रोडगे रोज मिळत नाहीत, ही खरी अडचण. थंडीत शेतावर, देवळापुढच्या पंगतीत, नाहीतर आधी सांगून ठेवलं तर ढाब्यावर. एरवी झुणका, ठेचा आणि भाकर आहेच. मात्र ज्वारीच्या वावरांत सोयाबीन आलं तशी भाकर पूर्वीइतकी स्वस्त राहिली नाही. थाळीत भाकर धरली आहे की तिचे वेगळे पैसे, हे बसण्याआधी विचारून घ्या.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग. मासे खाणाऱ्यांनी इकडंच यावं. मालगुजारी तलावातले, म्हणजे जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेल्या तलावांतले ताजे मासे, बारीक झिंगे आणि वाफाळता भात यांच्यापुढे मला शहरातली महागडी थाळी फिकी वाटते. मासे न खाणाऱ्यांनी वडाभात मागावा. मिश्र डाळींचे वडे भातावर कुस्करायचे, वरून लसूण आणि लाल मिरचीची कडकडीत फोडणी. पण हे सगळं घराघरांत शिजतं, बोर्डावर क्वचितच दिसतं. खानावळीत सकाळीच सांगून ठेवावं लागतं. गोंदिया-बल्लारशा मार्गावर गाड्याही थोड्या, एक चुकली की मुक्काम वाढतो आणि जेवणात वाचलेले पैसे लॉजवर जातात.

दिवाळीनंतरचे दिवस असतील तर मात्र मी वऱ्हाडाचा हट्ट धरणार नाही. तेव्हा झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते (भाजीबाजार नव्हे, गावची जत्रा), रात्रभर नाटकं चालतात, घरोघरी पाहुणे येतात आणि भजी-जिलेबीची दुकानं लागतात. फक्त त्याच रेल्वेमार्गावरच्या वडसा किंवा ब्रह्मपुरीला राहायची सोय आधी करून ठेवा.