वायर न कापता काम करणारे नाना पेठेतील दुकान आणि माझ्या नव्या गाडीची वॉरंटी

या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी गाडी साडेतीन महिन्यांची होती आणि तिच्या मागच्या डाव्या दिव्याच्या आत काळ्या टेपने गुंडाळलेल्या, पिळून जोडलेल्या पाच वायरी होत्या. ते काम या दुकानाचे नव्हते. गाडी आम्ही गुढीपाडव्याला घरी आणली. वरच्या श्रेणीच्या मॉडेलसाठी लाखभर रुपये अधिक मोजणे शक्य नव्हते, म्हणून मधले मॉडेल घेतले आणि मोठी स्क्रीन, मागचा कॅमेरा व फॉग लॅम्प नंतर बाहेरून बसवू असे ठरवले. पुण्यात निम्मी घरे हाच विचार करतात, कारण शोरूममध्ये याच वस्तूंची किंमत बाजारापेक्षा बरीच जास्त असते. ओळखीतल्या एकाने सुचवलेला कारागीर घरी आला, दोन तासांत तिन्ही वस्तू बसवून गेला. त्याने बिल दिले नाही आणि मीही मागितले नाही.

जुलैत पावसाने जोर धरल्यावर मागचा डावा दिवा कधी लागे, कधी लागत नसे. चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरलेली सापडे. त्याच सुमारास पुढच्या डाव्या काचेची मोटर अडकली. ती खरे तर गाडी आली तेव्हापासूनच कुरकुरत होती. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली, तेव्हा तिथल्या सल्लागाराने दिव्यामागच्या टेपचा फोटो मोबाइलवर दाखवला आणि म्हटले, "मॅडम, वायरिंगला बाहेरचा हात लागलाय. आता इलेक्ट्रिकलचं काहीच वॉरंटीत बसणार नाही." यातले पहिले वाक्य पूर्ण खरे होते. दुसरे नव्हते, आणि या दोन वाक्यांमधला फरक समजून घ्यायला मला पंधरा दिवस लागले. दुकानाविषयी लिहिण्याआधी तो फरक सांगणे भाग आहे, कारण या दुकानाचे मोल त्याशिवाय कळणार नाही.

वॉरंटी हा सदोष सुटे भाग आणि सदोष बांधणी यांच्याबद्दल कंपनीने दिलेला करार आहे. जवळजवळ प्रत्येक मालकपुस्तिकेत असे एक कलम असते की, गाडीत केलेल्या बदलांमुळे किंवा बाहेरच्या भागांमुळे झालेले नुकसान या करारात येत नाही. या वाक्यातला 'मुळे' हा शब्द मी आधी कधी लक्ष देऊन वाचला नव्हता. पिळून जोडलेल्या वायरीत पावसाचे पाणी शिरले, तांब्यावर हिरवट गंज चढला आणि दिवा बंद पडला, तर ते नुकसान बदलामुळेच झाले आहे. तो खर्च कंपनीने का करावा? काचेची मोटर मात्र दाराच्या आत असते, तिचे वायरिंग कोणी उघडलेलेही नव्हते, आणि मागच्या दिव्यात केलेल्या जोडकामाचा तिच्याशी कोणताही संबंध नव्हता.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांच्या विरोधात दिलेला आदेश बहुतेकांना आठवतो तो सुमारे २,५४४ कोटी रुपयांच्या एकूण दंडामुळे. ग्राहकाच्या दृष्टीने त्यातला एक निर्देश मला दंडाच्या आकड्याहून महत्त्वाचा वाटतो. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये आणि चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने म्हटले होते. कंपन्यांनी त्या आदेशाला पुढे आव्हान दिले, आणि तो मुळात दुरुस्ती व सुट्या भागांच्या बाजारपेठेविषयी होता, ॲक्सेसरीजविषयी नव्हता, त्यामुळे तो हातात धरून काउंटरवर भांडता येईल असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९७५ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, आणि इंटरनेटवरचे पुष्कळ व्हिडिओ त्याच्याच आधारे सल्ला देतात. तो आपल्याकडे लागू नाही. आपल्याकडे आधार घ्यायचा तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे, जिल्हा आयोगात आपण जिथे राहतो तिथूनच तक्रार दाखल करता येते, आणि त्यासाठी साधारणतः दोन वर्षांची मुदत असते.

माझ्या बाबतीत तिथपर्यंत जावे लागले नाही. मी सल्लागाराला एवढेच म्हटले, "दिव्याचा क्लेम नाकारलात ते मला मान्य आहे. काचेच्या मोटरचा नाकारण्याचं कारण जॉब कार्डवर लिहून द्या, म्हणजे ती मोटर कोणत्या बाहेरच्या कामामुळे बिघडली ते मला कळेल." कारण लिहून मिळाले नाही. दोन दिवसांनी मोटर वॉरंटीत बदलून मिळाली. मागच्या दिव्याचे वायरिंग मात्र माझ्या खर्चाने दुरुस्त करायचे ठरले, आणि ते करण्याआधी सल्लागारानेच प्रामाणिकपणे सांगितले की बॅटरी उतरण्याचे मूळ शोधल्याशिवाय नवीन हार्नेस, म्हणजे प्लगसह वायरींचा तयार जुडगा, टाकण्यात अर्थ नाही. त्या शोधात मी नाना पेठेत आले.

दुकान लहान आहे. गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी करून काम चालते, आणि सकाळी अकराच्या आत पोहोचले नाही तर जागा मिळत नाही. दुकानाचे मालक साठीच्या घरातले आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी पहिला अर्धा तास कोणतीही वस्तू विकली नाही. गाडी बंद करून, दारे लॉक करून, थोडा वेळ थांबून त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकाशी मीटर लावला. आकडा ०.३१ अँपिअर दिसला. बंद गाडीने एवढी वीज खाऊ नये, हे त्यांनी मला कागदावर हिशेब मांडून समजावले. तासाला ०.३१ म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर-तासांच्या आसपास, आणि माझ्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. चौथ्या दिवशी स्टार्टर फिरवायला तिच्यात काय उरणार? पहिल्या कारागिराने स्क्रीनची मुख्य वायर किल्ली बंद केली तरी चालूच राहणाऱ्या पुरवठ्यावर जोडली होती, आणि स्क्रीन रात्रंदिवस अर्धवट जागी होती.

त्यानंतरच्या कामाची पद्धत हेच या दुकानाचे खरे वैशिष्ट्य आहे. ॲक्सेसरीच्या बाजारात 'कपलर टू कपलर' हा शब्द प्रत्येक पाटीवर दिसतो. त्याचा अर्थ असा की मूळ वायर न कापता, कंपनीच्या प्लगमध्ये बसणारा जुळणारा प्लग असलेला स्वतंत्र हार्नेस मध्ये जोडायचा, म्हणजे तो काढला की गाडी होती तशी होते. पाटीवर हे लिहिणारे अनेक आहेत, पण एखाद्या गाडीसाठी जुळणारा कपलर हाताशी नसला की 'एकच वायर कापावी लागेल' असे ऐकू येते. माझ्या कॅमेऱ्यासाठी लागणारा कपलर त्या दिवशी दुकानात नव्हता. काकांनी वायर कापली नाही. चार दिवसांनी परत बोलावले. मला कात्रजहून पुन्हा सुट्टी टाकून यावे लागले, त्याचा त्रास झाला, पण तोच निर्णय योग्य होता. फॉग लॅम्पचा प्रवाह आधी थेट हेडलाइटच्या वायरीतून घेतलेला होता. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे नऊ अँपिअरहून अधिक भार, जो पेलण्यासाठी ती वायर मुळात नव्हती. आता तो बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज आणि रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, यांमधून जातो, आणि स्विच फक्त रिलेला इशारा देतो. काम संपल्यावर मीटरचा आकडा ०.०३ झाला, तो त्यांनी मला बोलावून दाखवला आणि बिलाच्या मागे लिहूनही दिला.

दुसऱ्या खेपेला मी हेडलाइटचे बल्ब बदलण्याविषयी विचारले, कारण रात्री सोलापूर रस्त्यावर मूळ उजेड कमी वाटतो. समोर १००/९० वॉटच्या बल्बांची खोकी रचलेली होती; काकांनी ती विकायला साफ नकार दिला. मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, म्हणजे लांबच्या उजेडाला ६० आणि जवळच्या उजेडाला ५५. ६० वॉटला १२ व्होल्टवर पाच अँपिअर लागतात, १०० वॉटला आठाहून अधिक. आणि वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने ती पावणेतीन पटींच्या घरात जाते. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो, आणि मग सगळे हेडलाइट युनिट वॉरंटीबाहेर जाते, तेही न्याय्य कारणाने. विकता येणारी वस्तू समोर असताना न विकणारा दुकानदार मला फार भेटलेला नाही. त्यांनी त्याच वॉटचे चांगल्या प्रतीचे बल्ब दिले आणि मूळ बल्ब पिशवीत घालून, त्यावर गाडीचा नंबर लिहून परत केले. 'काढलेली प्रत्येक मूळ वस्तू घरी ठेवा,' हे त्यांनी दोनदा बजावले.

माझ्या आधी एक तरुण १८५/६५ आर१५ टायरच्या जागी २०५/६५ आर१५ घालायला आला होता. चाकाचा व्यास त्यामुळे चार टक्क्यांहून अधिक वाढतो, वेगदर्शक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो, आणि पुढे व्हील बेअरिंग किंवा सस्पेन्शनची तक्रार घेऊन गेले की सल्लागाराची नजर आधी टायरवर जाते. १६ इंची अलॉय चाकेच हवी असतील तर १९५/५५ आर१६ घे, व्यास जवळपास तोच राहतो, असे काकांनी त्याला सांगितले. तो न घेताच गेला.

आता उणिवा. दुकानाच्या काचेवर 'वॉरंटी सेफ' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ते मला पटत नाही. वॉरंटी सुरक्षित आहे की नाही हे ठरवणे ॲक्सेसरीच्या दुकानाच्या हातात नसते. कपलरने केलेले कामही बिघाडाला कारण ठरले तर कंपनी तेवढा खर्च नाकारू शकते. मी हे काकांना सांगितले, त्यांनी ऐकून घेतले, पण पाटी अजून तशीच आहे. बिलही आधी 'ॲक्सेसरी फिटिंग' एवढ्या एका ओळीचे मिळाले. आग्रह धरल्यावर प्रत्येक वस्तूचे नाव, मॉडेल, बसवल्याची तारीख आणि 'मूळ वायर न कापता' हे शब्द लिहून मिळाले. असे बिल न मागता मिळायला हवे, कारण वादाच्या वेळी आपल्या हातात तेवढेच असते. विमा कंपनीकडे या वस्तूंची नोंद करायलाही तेच लागते.

सर्वांत गंभीर चूक सीट कव्हरची होती. काउंटरवरच्या मुलाने मला दाखवलेली कव्हरे सरसकट सर्व गाड्यांसाठीची होती, पुढच्या सीटच्या बाजूला शिवण अखंड असलेली. माझ्या गाडीत पुढच्या सीटच्या कुशीतून उघडणाऱ्या एअरबॅग आहेत. त्या अखंड शिवणीमुळे अडल्या तर काय होईल, याचा विचार विकणाऱ्याने आधी करायला हवा होता. काकांनी लगेच चूक मान्य केली आणि एअरबॅगच्या जागी मुद्दाम उसवणारी शिवण असलेली कव्हरे मागवून दिली. तरीही ग्राहकाच्या विचारण्यावर हे अवलंबून असू नये. इथे प्रश्न वॉरंटीच्याही पलीकडचा, जिवाचा आहे.

इंजिनाचे रीमॅपिंग (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाचा संगणक-प्रोग्राम बदलणे) आणि सीएनजी किट ही कामे हे दुकान करत नाही, आणि ते बरेच आहे. रीमॅपिंगमुळे इंजिन व गिअरबॉक्सवर कंपनीने धरलेल्यापेक्षा जास्त ताण येतो, आणि अनेक गाड्यांच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या त्या संगणकात, प्रोग्राम बदलल्याची खूण मागे राहते, त्यामुळे मूळ प्रोग्राम परत टाकून वॉरंटी मागायला जाणे हे अप्रामाणिक तर आहेच, शिवाय उघडकीलाही येते. सीएनजी बाहेरून बसवायचे तर मान्यताप्राप्त किट आणि आरटीओकडे नोंदणी प्रमाणपत्रात इंधनाचा बदल, हे दोन्ही अनिवार्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, होऊ शकते. शिवाय अशा गाडीच्या इंजिनाची वॉरंटी मागायला आपण कोणत्या तोंडाने जाणार?

सगळे मिळून मला पहिल्या कारागिराला दिलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट खर्च आला, त्यात मागच्या दिव्याच्या हार्नेसचा खर्चही धरला आहे. दिवाळीनंतरच्या सर्व्हिसला त्याच सल्लागाराने बॉनेट उघडून नवा रिले पाहिला, बिलाची प्रत मागून जॉब कार्डला जोडली आणि दुसरे काही म्हटले नाही. पुढे डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा, घेतला, तेव्हा काका म्हणाले, "ताई, वॉरंटी आहे तोवर तो बारा व्होल्टच्या सॉकेटवरच चालवा, फ्यूजबॉक्सला हात नको." त्या कामाची मजुरी त्यांनाच मिळाली असती. कॅमेरा सध्या सॉकेटवरच चालतो आहे.